भरलेली गाडी, लांबलचक उतार आणि काउंटरवरचे तीन डबे

प्रश्न : माझी पिकअप आहे. जनरेटर, लोखंडी पाइप असलं सामान वाहतो. जाताना गाडी पूर्ण भरलेली, येताना बहुतेक वेळा रिकामी. मागच्या आठवड्यात घाट उतरताना शेवटच्या काही वळणांवर ब्रेक लागेनासे झाले. पेडल कडक होतं, सगळा जोर लावून दाबत होतो, पण गाडी ऐकेना. जळका वासही येत होता. कशीबशी दुसऱ्या गिअरमध्ये घालून आवरली. अर्धा तास थांबलो तर ब्रेक पुन्हा नेहमीसारखे. मिस्त्रींनी पुढचे पॅड बदलायला सांगितले. दुकानदाराने काउंटरवर तीन डबे मांडले : ऑरगॅनिक, सेमी-मेटॅलिक आणि सिरॅमिक. धाकटा भाऊ म्हणतो, शर्यतीच्या गाड्यांचे पॅड मागव, कटकटच मिटेल. मिस्त्री म्हणतात, कंपनीचेच टाका. मी कुठले घेऊ?
— एक पिकअपवाला

नमस्कार दादा,

पत्रातल्या दोन गोष्टींनी माझं निम्मं काम केलं. पेडल कडक होतं, आणि अर्ध्या तासाने ब्रेक आपोआप ताळ्यावर आले. हे तुम्ही लिहिलं नसतं तर मी पॅडबद्दल एक अक्षरही न लिहिता आधी उलट प्रश्न विचारले असते. ‘ब्रेक लागले नाहीत’ या तीन शब्दांमागे किमान तीन वेगळे आजार असतात. पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे ठोकळे, अति तापले की पेडल पायाला नेहमीसारखंच लागतं, फक्त गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल उकळलं की पेडल मऊ पडतं, पार खाली जातं, कारण पाइपात वाफेचे बुडबुडे झालेले असतात आणि तुमचा पाय ते बुडबुडे दाबत बसतो. पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम (हवेची पोकळी) गेला तर पेडल दगड होतं, पण मग गाडी थंड झाली तरी ते दगडच राहतं.

तुमचा प्रकार पहिला दिसतो. तरी खात्री करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. गाडी सपाटीवर उभी करून इंजिन बंद करा. पेडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे ते कडक होईल. आता पाय तसाच दाबून ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली सरकलं तर बूस्टर ठीक आहे. हललंच नाही तर बूस्टर किंवा त्याची व्हॅक्यूमची नळी आधी बघा, नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी व्हायचं.

आता त्या दिवशी घाटात काय झालं ते आकड्यांत बघू, कारण ते कळलं की तीन डब्यांतला फरक आपोआप कळतो. सामानासकट तुमची गाडी ३००० किलोची धरा. ताशी ८० किलोमीटरवरून ती एकदा पूर्ण थांबवली तर ब्रेकना साधारण ७४० किलोज्यूल ऊर्जा पोटात घ्यावी लागते. ती सगळी उष्णता होते, दुसरीकडे कुठे जायला जागाच नसते. यातला सुमारे ७० टक्के भार पुढच्या चाकांनी उचलला आणि पुढची एकेक डिस्क आठ किलोची असली, तर अशा एका थांबण्यात डिस्क अंदाजे ७० अंशांनी तापते. एवढं चालतं. ब्रेक त्यासाठीच असतात.

पण घाटाचं गणित वेगळं. हीच गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली आली तर जवळजवळ १४,७०० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. म्हणजे ८० च्या वेगावरून वीस वेळा थांबण्याइतकी. यातला काही भाग हवेचा आणि टायरचा विरोध खातो, काही इंजिन खातं, जर तुम्ही खालच्या गिअरमध्ये असाल तर. वरच्या गिअरमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये असाल तर उरलेलं सगळं ब्रेकच्या माथी. अंदाज यावा म्हणून सांगतो, एवढ्या ऊर्जेत चाळीसेक लिटर गार पाणी उकळेल. ती सगळी आग चार चाकांच्या मधल्या लोखंडात गेली, त्यातही जास्त करून पुढच्या दोन.

पॅड म्हणजे एक मिश्रण असतं. तंतू, धातूचा चुरा, ग्राफाइट, घर्षण वाढवणारे कण, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारं रेझिन. साधारण ३०० ते ४०० अंशांच्या आसपास या रेझिनचं विघटन व्हायला लागतं, त्यातून वायू निघतो, पृष्ठभाग बदलतो, आणि डिस्क आणि पॅड यांच्यातली पकड ढिली पडते. तुम्हाला आलेला जळका वास तो हाच. पेडल कडक, कारण ऑइलचा दाब पॅडपर्यंत नीट पोचत होता. पॅड डिस्कवर दाबलेही जात होते. फक्त घासत नव्हते, घसरत होते.

यावरून एक लक्षात ठेवा : पॅड गार असताना किती पकडतो हे बघून तुमच्या गाडीचा पॅड निवडायचा नाही. गार असताना या तीन डब्यांतले सगळेच बऱ्यापैकी पकडतात. दुकानाबाहेर एक चक्कर मारून ‘झकास लागतोय ब्रेक’ असं म्हणणाऱ्याला त्या पॅडबद्दल काहीच कळलेलं नसतं. तुमचा पॅड घाटाच्या शेवटच्या तीन वळणांसाठी घ्यायचा आहे.

आता डबे उघडू.

ऑरगॅनिक पॅड मऊ असतो, आवाज करत नाही, डिस्कला जपतो, गार असताना पहिल्या दाबापासून छान पकडतो. शहरात एकटादुकटा माणूस घेऊन फिरणाऱ्या छोट्या गाडीला तो उत्तम. पण भरलेल्या गाडीत तो लवकर तापतो आणि लवकर झिजतो. तुमच्यासाठी हा डबा बंद करा.

सेमी-मेटॅलिकमध्ये वजनाने साधारण तिसऱ्या हिश्शापासून दोन तृतीयांशापर्यंत धातू असतो : स्टीलचे तंतू, लोखंडाचा चुरा, कधी आणखी काही. तापल्यावर तो तग धरतो. धातू उष्णता वाहून नेतो, त्यामुळे पॅडच्या पृष्ठभागावरच सगळी आग साचत नाही. याचे दुर्गुणही आहेत, दुकानदार सांगणार नाही म्हणून मी सांगतो. सकाळच्या गारठ्यात पहिले एक-दोन ब्रेक जरा निर्जीव वाटतात. काळी धूळ चाकावर जमते. अधूनमधून किरकिर करतो. डिस्क थोडी लवकर झिजवतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जी उष्णता तो पृष्ठभागावरून ओढून घेतो ती मागे, पॅड ढकलणाऱ्या पिस्टनकडे जाते, आणि पिस्टनच्या मागे ब्रेक ऑइल असतं. म्हणजे सेमी-मेटॅलिक पॅड आणि तीन वर्षांचं जुनं ऑइल ही जोडी घालू नका. पॅड टिकेल आणि ऑइल उकळेल. ऑइलवर पुढे येतोच.

सिरॅमिक हा शब्द ऐकला की लोकांना फार भारी वाटतं. अतिवेगवान गाड्यांच्या कार्बन-सिरॅमिक डिस्कशी त्याची गल्लत होते, पण या दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. सिरॅमिक पॅडचं खरं कौतुक आवाज न करण्याचं आणि चाक स्वच्छ ठेवण्याचं आहे. बाजारातले बरेच सिरॅमिक पॅड प्रवासी गाड्यांचं सुख डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले असतात. ते उष्णता कमी वाहतात, मग ती डिस्कमध्येच जास्त राहते, आणि भरलेल्या गाडीची डिस्क आधीच भाजलेली असते. वजन ओढणाऱ्या गाड्यांसाठी बनवलेले सिरॅमिक पॅडही मिळतात, नाही असं नाही. पण तसं डब्यावर आणि उत्पादकाच्या यादीत तुमच्या मॉडेलपुढे स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. नुसत्या ‘सिरॅमिक’ या शब्दावर भुलू नका.

डब्यापेक्षा पॅड स्वतः जास्त बोलतो. तो हातात घ्या, उभा धरा आणि कडेला किंवा मागच्या लोखंडी पट्टीवर छापलेली अक्षरं वाचा. उत्पादकाची खूण, मिश्रणाचा क्रमांक, आणि बऱ्याच पॅडवर शेवटी दोन इंग्रजी अक्षरं जोडीने असतात : ईई, एफएफ, जीजी, किंवा एफई अशी मिसळ. ही घर्षणाची श्रेणी. ई म्हणजे घर्षणांक (पकडीचा आकडा) ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानाचं, दुसरं तापलेल्या अवस्थेचं. बहुतेक लोक पहिल्याकडे बघतात. तुम्ही दुसऱ्याकडे बघा. एफई लिहिलेला पॅड स्वतःच कबूल करतोय की तापल्यावर मी एक पायरी खाली उतरतो. तुम्हाला एफएफ हवा, किंवा मूळ पॅड जीजी असेल तर जीजी.

मात्र या अक्षरांना देव मानू नका. ही चाचणी पॅडच्या इंचभर चौकोनी तुकड्यावर होते आणि ती साधारण ३४० अंशांपर्यंतच जाते. त्यापुढे तो पॅड काय करेल, किती टिकेल, हे अक्षरं सांगत नाहीत. चाळणी म्हणून ती कामाची आहेत, निकाल म्हणून नाहीत. त्यापेक्षा मला वजनदार वाटते ती संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ९० ची खूण : वर्तुळात मोठा इंग्रजी ई आणि पुढे ‘९०आर’ असलेला क्रमांक. त्या नियमात बदली पॅडची तुलना तुमच्या गाडीच्या मूळ पॅडशी करतात आणि कामगिरी १५ टक्क्यांच्या आत जुळावी लागते. म्हणजे कमी पकडणारा पॅड नापास होतो आणि बेसुमार जास्त पकडणाराही.

जास्त पकडणारा नापास का, हा प्रश्न तुमच्या धाकट्या भावासाठी. शर्यतीचा पॅड बनतो तोच मुळी तापलेला राहण्यासाठी. गार असताना त्यातले बरेचसे पॅड धड पकडतही नाहीत. शर्यतीचा ड्रायव्हर आधी एक-दोन फेऱ्या मारून ते तापवून घेतो. तुम्ही सकाळी गाडी काढल्यावर पहिल्याच चौकात समोर कोणी आलं तर त्याला ‘जरा थांबा, पॅड तापू द्या’ असं सांगणार का? शिवाय तुम्ही येताना रिकामे येता. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका फूल. गाडीच्या पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल कंपनीने ठरावीक घर्षण धरून बसवलेला असतो. एका बाजूला भलतंच जहाल औषध घातलं की तो तोल बिघडतो, आणि ओल्या रस्त्यावर चाक जाम होऊन गाडी हाताबाहेर जाते. भावाचा हेतू चांगला आहे, पण हा आजारापेक्षा भयंकर उपाय.

मिस्त्री म्हणतात ते बरंचसं बरोबर आहे. कंपनीने तुमच्या मॉडेलला दिलेला पॅड पूर्ण भरलेल्या वजनाचा विचार करूनच निवडलेला असतो. तुम्ही विचारलंत म्हणून माझं मत : तुमच्याच मॉडेलच्या माल वाहणाऱ्या आवृत्तीसाठी असलेला कंपनीचा पॅड, किंवा कंपन्यांना मूळ पॅड पुरवणाऱ्या उत्पादकाचा जड कामासाठीचा सेमी-मेटॅलिक, दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खाली नसलेला. दोन्हींत फारसं डावं-उजवं नाही. दोन्ही चाकांना एकाच डब्यातले चारही घाला. एका चाकाचे बदलून दुसऱ्याचे ‘अजून आहेत’ म्हणून ठेवले की गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढणारच.

नकली मालाबद्दल फार लिहीत नाही. छपाई पुसट, पट्टीच्या कडा ओबडधोबड, चारही पॅडवरचे क्रमांक वेगळे, पॅड आणि पट्टीच्या मध्ये नख शिरेल एवढी फट, यातलं काहीही दिसलं तर डबा परत करा. पट्टीपासून सुटलेला पॅड म्हणजे चाकात ब्रेकच नाही.

आता मला खरं जे सांगायचंय ते. पॅड जळाला हे खरं, पण तो का जळाला? एकदा एक भरलेली गाडी माझ्याकडे अशीच तक्रार घेऊन आली होती. मालकाने वर्षभरात तिसरा पॅडचा संच घातला होता, दर वेळी आधीपेक्षा भारी. मी बाहेरून चाकाच्या फटीतून बघितलं तर पॅड चांगला आठ मिलिमीटर. मालक म्हणाला, बघा, पॅड तर नवेच आहेत. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारी पकड, उघडला आणि आतल्या बाजूचा पॅड काढून त्याच्या हातावर ठेवला. दोन मिलिमीटरही नव्हता, वर काचेसारखी चकाकी आलेली. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यांतली एक रबराचा बूट फाटून गंजली होती, पान्ह्याने ठोकल्याशिवाय हलेना. कॅलिपर सरकत नसल्यामुळे बाहेरचा पॅड नुसता शोभेला होता आणि आतला एकटा दोघांचं काम करत होता. तो माणूस कितीतरी वेळ दोन्ही पॅड दोन हातांत धरून बघत बसला होता. त्या गाडीला जगातला कुठलाही पॅड पुरला नसता.

म्हणून मिस्त्रींना सांगा, जुने पॅड फेकू नका, मला दाखवा. चारही ओळीने मांडून मोजा. आतला-बाहेरचा सारखा झिजलेला असेल तर कॅलिपर ठीक. आतला जास्त झिजला असेल तर पिना किंवा पिस्टन. पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल तरीही पिना. पिना काढून साफ करून उष्णता सोसणारं सिलिकॉनचं ग्रीस लावायचं. साधं ग्रीस तापून वितळतं आणि रबर फुगवतं. ते डब्यात भरपूर आहे म्हणून लावू देऊ नका.

डिस्कही मोजून घ्या. तिच्यावर कुठेतरी किमान जाडी कोरलेली असते. त्याच्या खाली गेलेली डिस्क बदलायचीच, पण भरलेल्या गाडीत मी त्या रेषेपर्यंत थांबत नाही. पातळ डिस्क म्हणजे उष्णता साठवायला कमी लोखंड, आणि तुमचा सगळा प्रश्न उष्णतेचाच आहे. निळसर-जांभळे डाग दिसले, किंवा कडेपर्यंत गेलेली तडा दिसली, तर डिस्क गेली. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत असेल तर लोक म्हणतात ‘डिस्क वाकली’. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. तापलेल्या पॅडचा थर तिच्यावर ठिकठिकाणी कमी-जास्त चिकटलेला असतो.

ऑइल. गंमत म्हणजे आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते तेल नसतंच. बहुतेक गाड्यांत ग्लायकॉलचा द्रव असतो आणि तो हवेतली ओल शोषून घेतो. नवं डॉट ३ (डॉट हा या द्रवाचा दर्जा) किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ते १४० वर उकळू शकतं. डॉट ४ ची हीच मर्यादा २३० आणि १५५. हे आकडे वाचूनच तुमच्या लक्षात येईल की जुनं ऑइल घेऊन घाट उतरणं म्हणजे काय. दर दोन वर्षांनी पूर्ण बदला, नुसती टाकी वर भरू नका. तुम्ही आता पॅड बदलताय, लगेहाथ सगळं ऑइल काढून नवं भरा आणि एअर काढून घ्या. गाडीला डॉट ३ सांगितलेलं असेल आणि पुस्तकात मनाई नसेल तर डॉट ४ भरायला हरकत नाही, दोन्ही एकाच जातीचे. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही. आणि इंजिन ऑइलचा एक थेंबही तिकडे जाता कामा नये, आतली सगळी रबरं फुगतील.

मागच्या चाकांकडे कोणी बघतच नाही. तुमच्या गाडीला मागे डिस्कऐवजी ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा, आणि त्याला आतून घासणारे लायनर असतील. लायनर झिजत गेले की ड्रमपासूनचं अंतर वाढतं. ते आपोआप जुळवणारी यंत्रणा धुळीने अडकली की मागचे ब्रेक नावापुरते उरतात आणि सगळा भार पुढे येतो. हँडब्रेक खूप वर ओढावा लागत असेल तर हीच शंका घ्या. ड्रम उघडून साफसफाई, सेटिंग, आणि लायनर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरमधून ओल आलीय का ते बघा. अजून एक : बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलपासून चासीपर्यंत एक छोटी दांडी किंवा स्प्रिंग गेलेली असते आणि ती एका व्हॉल्व्हला जोडलेली असते. माल भरला की गाडी खाली बसते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकना जास्त दाब देतो. रिकामी झाली की कमी. ही दांडी गंजून अडकलेली, वाकलेली, कधी तर कुणीतरी तारेने बांधून ठेवलेली मी बघितली आहे. तसं असेल तर तुमची गाडी भरलेली असूनही मागच्या ब्रेकना वाटतं ती रिकामीच आहे, आणि पुढचे पॅड जळतात. मागच्या पाट्यांत (लीफ स्प्रिंगमध्ये) एखादं पान वाढवून गाडी उंच केली असेल तरी हाच घोळ होतो. माझा पैजेवर विश्वास नाही, पण तुमचं पत्र वाचून आधी ही दांडी बघाविशी वाटली.

पॅड बसवून झाले की गाडी जागची हलवायच्या आधी पेडल दाबत राहा, ते वर येऊन कडक होईपर्यंत. पिस्टन मागे ढकललेले असतात, पहिला दाब पोकळीतच जातो. वर्कशॉपच्या भिंतीला गाडी ठोकणारे बहुतेक जण हेच विसरलेले असतात.

मग पॅड मुरवायचे. रिकाम्या गाडीने, मोकळ्या रस्त्यावर, ताशी ५० वरून १० पर्यंत मध्यम जोराने ब्रेक लावा, पूर्ण थांबू नका, सोडा, थोडं चालवून डिस्कला वारा लागू द्या, पुन्हा लावा. असं आठ-दहा वेळा. नंतर काही किलोमीटर ब्रेक जवळजवळ न वापरता चालवा. यात पॅडचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो आणि नव्या रेझिनमधला वायू निघून जातो. हा वायू घाटात निघाला तर नवे कोरे पॅडही तुम्हाला मागच्या आठवड्याचाच अनुभव देतील. उत्पादकाने डब्यावर वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळा. पहिले ३०० किलोमीटर मोठा उतार आणि पूर्ण भार टाळता आला तर टाळा. ब्रेक तापलेले असताना एका जागी पेडल दाबून उभं राहायचं नाही, त्या जागी डिस्कवर ठसा उमटतो.

आणि उतार. तुम्ही दुसरा गिअर टाकलात ते योग्यच केलंत, फक्त उशिरा केलंत. घाटाच्या माथ्यावरच गिअर खाली घ्या. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्यातच उतरायचं. मग ब्रेकवर पाय टेकवून ठेवायचा नाही. ४० चा वेग ठरवलात तर गाडी ४० ला पोचली की ठाम दाबून ३० वर आणा आणि पाय पूर्ण उचला. ती पुन्हा ४० ला गेली की परत. सतत हलका ब्रेक धरून ठेवला की पॅड आणि डिस्कला गार व्हायला उसंतच मिळत नाही. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये डिझेल वाचवायचं तर डोक्यातून काढून टाका. इंजिन बंद झालं की दोन-तीन दाबांत बूस्टर संपतो.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, तरी मी तो टाळून जाणार नाही. तुमच्या जनरेटरचं आणि पाइपांचं वजन खरंच गाडीच्या कागदांवर लिहिलेल्या एकूण वजनात बसतं का? एकदा भरलेली गाडी वजनकाट्यावर घाला. पॅडने गाडीची वजन वाहायची मर्यादा वाढत नाही. कंपनीने डिस्क, टायर, एक्सल सगळं त्या आकड्यासाठी केलेलं असतं. त्याच्या वर जात असाल तर पॅडच्या डब्यांवरची ही सगळी चर्चा बाजूला ठेवून फेऱ्या दोन करा.

घाटातून खाली आल्यावर यापुढे एक सवय लावून घ्या. गाडी उभी करून चारही चाकांजवळ तळहाताची मागची बाजू न्या. रिमला हात लावायचा नाही, भाजेल. नुसती धग जाणवते. पुढची दोन्ही सारखी तापलेली असावीत, मागची दोन्ही सारखी, पुढच्यांपेक्षा कमी. एकच चाक वेगळं तापत असेल तर तिथला ब्रेक चिकटून राहतोय. एकच चाक गार असेल तर तिथला ब्रेक कामच करत नाही. आणि मागची दोन्ही चाकं अगदी गार असतील, तर ती दांडी पुन्हा बघा.

महिनाभर नेहमीसारखी भरून चालवा, मग पुढचं एक चाक उघडून आतला आणि बाहेरचा पॅड पट्टीने मोजा. दोन्ही आकडे मला कळवा, आणि वजनकाट्यावरचा तिसराही.